टाचणी सरांचा ब्रेक

टाचणी सरांच्या शर्टाच्या कॉलरखाली कायम टाचण्या खोचलेल्या असायच्या. ओळीनं, एखाद्या शिंप्याच्या असाव्यात तशा. वर्गात आले की पिशवीतून पुठ्ठ्याच्या पट्ट्या काढायचे, कॉलर उलटी करून टाचण्या उपसायचे आणि बोलता बोलता चार पट्ट्या एकमेकींना जोडून टाकायचे. मग एक पट्टी बोटानं गोल फिरवली की समोरची आपोआप झुलायला लागायची. "हा झाला गाडीचा वायपर," सर म्हणायचे. एका पट्टीची लांबी बदलली की त्याचंच शिलाई मशीनचं पायडल व्हायचं. "जगात दांड्या चारच हायत बगा. बाकी नुसता रंग आन् आवाज." पुठ्ठा चादरींच्या खोक्यांचा असायचा, कारण सोलापुरात दुसऱ्या कशाचा पुठ्ठा एवढा मुबलक मिळत नाही. फळ्याकडं वळताना मान जास्त वळली की एखादी टाचणी टोचायची, सर "अय्यो" म्हणायचे आणि तसंच पुढं शिकवायचे.

सर मूळचे अक्कलकोटचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात म्हणून अधूनमधून इंग्रजी. विद्यार्थ्यांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, गावं राहायची. मी मंद्रूपची म्हणून चारही वर्षं मी 'मंद्रूप'च होते. "ए करकंब, पट्टी धर. मंद्रूप, तू फिरव." करकंबच्या मुलाचं खरं नाव संतोष आहे हे मला त्याच्या लग्नपत्रिकेवरून कळलं. शहरातल्या मुलांना मात्र गाव नसल्यामुळं ती स्वतःच्या नावानं हाक मारून घ्यायची, त्यात आमचा सोहेल होता. त्याला याचं वाईट वाटायचं. "सर, मलापन एक गाव द्या की," असं तो म्हणायचा.

पण सरांची खरी खूण टाचण्या नव्हे, कान. सरांना लाज वाटली की कान लाल व्हायचे, आणि लाज त्यांना सारखी वाटायची. आमच्यापैकी कुणी फळ्यावर चुकीचं गणित मांडलं की चुकणारा निवांत असायचा आणि सरांचे कान लाल. "मी नीट सांगितलं न्हाई म्हणून चुकलास," असं ते मनापासून म्हणायचे. वर्कशॉपमधलं लेथ अडकलं तर त्याच्यावर हात ठेवून ते जरा वेळ गप्प उभे राहायचे. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्याची नक्कल करायचे. आम्हीही करायचो. वीस वर्षांच्या पोरांना कानापर्यंत पोचणारी लाज म्हणजे करमणूकच असते.

सरांचं गाजलेलं लेक्चर होतं ते अडणीचं. पुस्तकात त्याला डेड सेंटर म्हणतात, सर 'अडण' म्हणायचे. शिलाई मशीनवर बसलेल्या बाईला ही अडण माहीत असते. पाय दाबतोय, पण चाक हलत नाही, कारण पायडलची दांडी आणि चाकाचा दांडा नेमके एका सरळ रेषेत येऊन थांबलेले असतात. आता कितीही जोर लावा, जोर सगळा सरळ जातो, फिरवायला काही उरत नाही. बाई हातानं चाकाला जरासा हिसका देते आणि मशीन पुन्हा चालू होतं. सर खुर्चीवर बसून स्वतःच्या मांडीची आणि नडगीची दांडी करून हे दाखवायचे. "आन् अडण ओलांडली की काय होतं? चाक उलटं फिराया लागतं. तुमी पुढं ढकलताय, यंत्र मागं जातंय. म्हणून यंत्र काढताना पहिल्यांदा इचारायचं, हितं अडण कुटं हाय?" हे वाक्य आमच्या कॉलेजच्या प्रत्येक मेकॅनिकलवाल्याला पाठ आहे.

सरांचं दुसरं वेड म्हणजे कमी खाणारी गाडी. देशभरातल्या कॉलेजांची एक स्पर्धा असते. विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवायची, ट्रॅकवर ठरलेल्या फेऱ्या मारायच्या, आणि सगळ्यात कमी वीज ज्या गाडीनं खाल्ली ती जिंकली. वेगाचं कौतुक नाही, काटकसरीचं आहे. सोलापूरच्या माणसाला ही स्पर्धा ऐकल्याबरोबर पटते. आमची गाडी तीन चाकांची, बॅटरीवरची, पत्र्याऐवजी फायबरचं पातळ कवच घातलेली. आत ड्रायव्हरनं न्हाव्याच्या खुर्चीत मान मागं टाकावी तसं आडवं पडायचं. दरवर्षी सर मुलं घेऊन जायचे आणि दरवर्षी गाडी तपासणीतच नापास होऊन परत यायची. कधी चाक डगमगायचं, कधी वायर उघडी असायची. सर म्हणायचे, "पुढच्या वर्षी."

मी तिसऱ्या वर्षाला असताना ड्रायव्हर म्हणून माझी निवड झाली. गुणवत्तेवर नव्हे, वजनावर. वर्गातल्या सगळ्यांना काट्यावर उभं केलं, त्यात मी सगळ्यात हलकी भरले. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "पोरगी वाळली म्हनून बक्षीस देत्यात व्हय गं ह्या कालिजात?" चुलत्यांनी मात्र तेवढंच उचलून धरलं. आमच्या चुलत्यांना फ्लेक्स लावायला कारण लागतं. बसस्टँडसमोर माझा चेहरा, मागं भलतीच एक लाल परदेशी रेसिंग कार, आणि खाली 'मंद्रूपची वाघीण देशाच्या ट्रॅकवर'. स्पर्धेला अजून महिना होता. एसटीतून उतरताना रोज मला माझ्याकडं बघावं लागायचं.

गाडी चालवायला सरांनीच शिकवलं. कॉलेजमागच्या सामसूम रस्त्यावर मी आत आडवी, आणि शेजारून सर सायकलवर. त्यांचा एकच धडा होता. वेग मिळवायला वीज लागते. मिळवलेला वेग ब्रेक दाबून घालवला म्हणजे तेवढी वीज रस्त्यावर ओतली. म्हणून वळण लांबून बघायचं, मोटर आधीच बंद करायची आणि गाडीला आपल्या अंगानं हळूहळू येऊ द्यायचं. "ब्रेक म्हंजे न केलेल्या इचाराचा दंड, मंद्रूप. इचार करणाऱ्याला ब्रेक लागतच न्हाई." हे वाक्य आम्हाला एवढं आवडलं की सोहेलनं ते वर्कशॉपच्या भिंतीवर रंगवून घेतलं. मी तर कुत्रं आडवं आलं तरी ब्रेकला पाय लावायची नाही. एकदा बाभळीच्या झाडाला टेकून थांबले, आणि सरांनी शाबासकी दिली.

आता ब्रेकच गाडीत फालतू ठरला म्हटल्यावर त्याच्याकडं कोण बघणार? नियमात आहे म्हणून ठेवायचा, एवढंच. ब्रेकचं काम करकंबकडं होतं. पेडल दाबलं की एक दांडी पुढं सरकायची, ती एका त्रिकोणी पट्टीला फिरवायची, आणि ती पट्टी मागच्या चाकाच्या ब्रेकची तार ओढायची. शेवटच्या आठवड्यात सगळे गाडीतून वजन काढायच्या मागं लागले होते. सोहेलनं सीटच्या फोममधून घास कापले होते. करकंबनं ब्रेकची लोखंडी दांडी काढून ॲल्युमिनियमची केली, आणि आखूड केली. व्हरांड्यात सर घाईनं चालले होते, त्यांना थांबवून त्यानं ती दाखवली. सरांनी ती तळहातावर तोलली. "हलकी झाली की! शाब्बास." आणि ते लेक्चरला गेले. मी तिथंच उभी होते. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

स्पर्धा दक्षिणेतल्या एका मोठ्या शहराबाहेर होती. आणि त्या वर्षी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आमची गाडी तपासणीत पास झाली. उतारावर उभी करून तपासणाऱ्यांनी मला ब्रेक करकचून दाबून धरायला लावला, परत परत लावला, गाडी जागची हलली नाही. सरांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला. त्यानंतर सरावाच्या फेऱ्या झाल्या. मी ब्रेकला पाय न लावता गाडी अशी आणून थांबवली की पोरांनी हातानं झेलली. फळ्यावर आमच्या गाडीनं खाल्लेल्या विजेचा आकडा लागला तेव्हा मोठमोठ्या कॉलेजांची मुलं वळून बघायला लागली. सोहेलनं तिथूनच प्राचार्यांना फोन केला. प्राचार्यांनी म्हणे हलगीवाल्यांना सांगूनही ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरी फेरी. गाड्या रांगेत लागायला वेळ होता. सरांची सवय अशी की गाडी चालून आली की तिच्या शेजारी मांडी घालून बसायचं आणि एकेक सांधा हातानं चाचपायचा. त्या सकाळीही ते तसेच बसले. एक हात आत घालून त्यांनी पेडल दाबलं, दुसरा हात मागच्या चाकावर होता. मी हेल्मेट हातात घेऊन समोर उभी होते, म्हणून मला दिसलं. पेडल शेवटपर्यंत दाबलेलं होतं आणि सरांच्या हाताखाली चाक फिरत होतं.

सर पुन्हा पुन्हा दाबत राहिले. निम्मं दाबलं की ब्रेक लागायचा, आणखी दाबलं की सुटायचा. तपासणीत करकचून दाबल्यामुळं नवी तार जराशी ताणली गेली होती, म्हणून पेडल आदल्या दिवसापेक्षा जास्त आत जात होतं. आणि तेवढं आत गेलं की करकंबची आखूड दांडी आणि ती त्रिकोणी पट्टी एका सरळ रेषेत यायच्या. अडण. त्याच्यापुढं दाबलं की पट्टी उलटी वळायची आणि तार सैल. म्हणजे घाबरलेल्या माणसानं जीव खाऊन ब्रेक दाबला, तर नेमका तेव्हाच ब्रेक नाही. सरांचे कान लाल झाले नाहीत. सगळा चेहराच पांढरा पडला. पहिल्यांदाच मी त्यांना तसं बघितलं.

"सर, तार ओढून घेतो," सोहेल म्हणाला. "आत्ता व्हतंय बगा."

"किती येळ टिकंल?"

सोहेलनं हातातला पाना खाली ठेवला. नवी दांडी करायला तिथं काही नव्हतं, केली असती तरी पुन्हा तपासणी, आणि तपासणी बंद झालेली.

"पण सर, ब्रेक लागतो कुठं आपल्याला?" हे मी म्हणाले. "मी दाबणारच नाही. तुम्हीच म्हणता ना."

सरांनी माझ्याकडं असं बघितलं की मी त्यांना कुठं टोचलं ते मला समजेना. "मी म्हणतो," ते म्हणाले. "मीच म्हणतो की. तेच झालंय बग ते."

सोहेल रडकुंडीला आला होता. "सर, झाकली मूठ सव्वा लाखाची. पास केलीया त्यांनी. कुणाला काय कळतंय?"

"बेडप्पा," सर म्हणाले. नको रे बाबा, असं. "मूठ झाकली तरी आत काय हाय ते आपल्याला ठावं असतंय." आणि ते उठून आयोजकांच्या टेबलाकडं गेले. तिथला माणूस त्यांना समजावत होता की तुमची गाडी पास आहे. सर त्याला समजावत होते की ती नापास आहे. असं भांडण त्या टेबलानं बघितलं नसेल.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. रांगेतून गाडी का काढली म्हणून शेजारच्या कॉलेजांची मुलं विचारायला आली. सरांनी काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी की नाही? त्यांनी केळ्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, पट्ट्या केल्या, कॉलर उलटी करून टाचण्या काढल्या आणि खाली बसून आमचा ब्रेक सगळ्यांना दाखवायला सुरुवात केली. हे असं दाबलं की लागतो, हे असं दाबलं की सुटतो. मोडक्या हिंदीत, जो येईल त्याला, पहिल्यापासून. "ये मेरे गलती से हुआ. मैं बच्चों को बोला, ब्रेक का काम नहीं पडता." चांगल्या कपड्यांतली, चकचकीत गाड्यांची मुलं गोल करून उभी, काहीजण मोबाइलवर ते टिपत होती. आमची अब्रू सर पुठ्ठ्यावर टाचून जगाला दाखवत होते. मी हेल्मेट घालून त्याची काच खाली ओढली, आणि ट्रॅकवर जायचं नसताना तशीच उभी राहिले. मला सरांची लाज वाटत होती. एवढी की, ते माझे कोण लागतात हे कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कुणास ठाऊक.

करकंब एका टायरवर बसून होता. त्याच्याजवळ सर गेले तेव्हा तो म्हणाला, "सर, दांडी मी कापली." सर म्हणाले, "तू दांडी कापलास. डोकं मी कापलतो तुमचं, त्याच्या आदी." आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.

आम्ही परत आलो. सोलापूर स्टेशनवर हलगी नव्हती, प्राचार्यांना तोवर कळलं होतं. कॉलेजात गेल्यावर सरांनी पहिलं काम केलं ते म्हणजे स्वतः चुन्याची बादली घेऊन वर्कशॉपच्या भिंतीवरचं आपलं वाक्य पुसलं. इतर डिपार्टमेंटची मुलं त्यांना 'ब्रेकफेल सर' म्हणायला लागली. मी मंद्रूपच्या आधीच्या फाट्यावर उतरून शेतातून घरी जायला लागले, कारण बसस्टँडसमोर वाघीण अजून तशीच होती. आणि गावात प्रत्येकजण विचारायचा, "कितवा नंबर आला गं?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुपारी पाहते तर दारात टाचणी सर. एसटीनं आलेले, घामाघूम, हातात केळी. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. वडिलांनी, आमच्या अण्णांनी, घोंगडं टाकलं, चुलतेही आले. पाणी झालं. सर घोंगड्यावर बसेनात. उभ्या उभ्याच त्यांनी अण्णांना हात जोडले.

"तुमच्या पोरीला मी ब्रेक न्हाई त्या गाडीत झोपवलतो. आदल्या दिवशी ती चालवली बी. ते तुमच्या कानावर घालाया आलोय."

अण्णा गोंधळले. "पन काय झालं न्हाय की सर. पोरगी हितंच हाय."

"झालं न्हाई त्यात माजं काय न्हाई," सर म्हणाले.

अण्णा आणि चुलते दोघंही "आवो बसा, बसा" करत राहिले. मास्तर माणूस आपल्यापुढं हात जोडून उभा आहे, याचीच त्यांना जास्त लाज वाटत होती. समजलं ते आईला. ती उंबऱ्यात उभी होती.

"म्हंजे सर, माजी पोर आत व्हती तवा त्याला बिरेक नव्हता?"

"व्हता ताई. जोरात दाबला असता तर लागला नसता."

आई आत गेली. मला वाटलं आता ती बाहेर येणार नाही. भाकरी थापल्याचा आवाज आला. मग ती ताट घेऊन आली. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, वांग्याचं कालवण. ताट सरांपुढं ठेवून ती समोर बसली, कधी परक्या पुरुषासमोर बसत नाही ती.

"जेवा," म्हणाली. "आन् फुडच्या टायमाला कुनाचं लेकरू बसवायच्या आदी येत जावा सर. मागनं येऊन काय उपेग?"

सरांचे कान कानशिलापर्यंत पेटले. ते मान खाली घालून जेवले. आई वाढत राहिली आणि ते नको म्हणाले नाहीत. जाताना बाहेर कडब्याच्या गंजीवर त्यांची नजर गेली. आदल्या रात्री वारं सुटलं म्हणून चुलत्यांनी फ्लेक्स उतरवून गंजीवर झाकला होता. तिथून वाघीण आभाळाकडं बघत होती. सर थोडा वेळ तिच्याकडं बघत उभे राहिले आणि चालायला लागले. त्यांना बसस्टँडवर सोडायला मी गेले नाही. जायला हवं होतं.

आईचं बोलणं दुसऱ्या कुणी कानावरून सोडून दिलं असतं. सरांनी त्याचा नियम केला. गाडीचा ब्रेक जो बनवेल त्यानं, ड्रायव्हरला गाडीत बसवायच्या आधी, ड्रायव्हरच्या घरी जाऊन जेवायचं. घरच्यांना तोंडानं सांगायचं की ब्रेक मी केलाय, असा केलाय, आणि तो लागतो. पुठ्ठ्यावर करून दाखवायचं. डिपार्टमेंटमध्ये हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. एक सहकारी म्हणाले, आता इंजिनिअरिंगला जेवणावळीचा पेपर काढा.

पहिल्याच वर्षी त्याची गंमतही झाली. पुढची ड्रायव्हर निवडली गेली ती शहरातल्या विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी एक मुलगी. ब्रेक पुन्हा करकंबकडंच होता, त्यानं हट्टानं मागून घेतला होता. सर त्याला इस्त्रीचा शर्ट घालायला लावून घेऊन गेले, सोबत मी. आता एका लग्नाच्या वयाच्या मुलीच्या घरी एक वडीलधारा गृहस्थ एका होतकरू मुलाला इस्त्रीच्या शर्टात घेऊन येतो, म्हटल्यावर शेजारपाजारचे काय समजतील? गल्ली गोळा झाली. पोहे आले. मुलीच्या आजीनं करकंबला आपादमस्तक न्याहाळून तेलुगूत काहीतरी विचारलं, आणि मुलगी आत पळाली. त्यानं पिशवीतून पुठ्ठ्याचा ब्रेक काढला तेव्हा आजीला वाटलं, मुलगा खेळणी विकतो. सरांचे कान, करकंबचे कान, सगळे लाल. पण समजुतीचा घोळ निस्तरल्यावर मुलीच्या वडिलांनी ते पुठ्ठ्याचं यंत्र हातात घेतलं. आयुष्य मागावर गेलेला माणूस, दांड्यांची भाषा त्यांना कळत होती. त्यांनी पेडल शेवटपर्यंत दाबलं आणि करकंबकडं बघून विचारलं, "आणि याच्यापेक्षा जास्त दाबलं तर?" करकंबनं सांगितलं. सांगताना पुठ्ठ्याची पट्टी पुन्हा दाबून दाखवली. कॉलेजात परतल्यावर त्यानं गाडीतली ब्रेकची सगळी यंत्रणा उतरवली आणि पुन्हा बसवली, काही चुकलेलं नसताना.

त्या वर्षी आमचा नंबर बिंबर आला नाही. गाडी थोडी जड झाली होती. पण ती धावली, आणि थांबवली तेव्हा थांबली.

मी पुढं शिकून त्याच कॉलेजात शिकवायला आले. सर निवृत्त झाले त्या समारंभात सगळ्यांनी त्यांच्या टाचण्यांवर विनोद केले. सर बोलायला उभे राहिले आणि त्या सकाळच्या ब्रेकबद्दलच बोलले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पाहुण्यांसमोर. पाहुण्यांना काय चाललंय ते कळेना, प्राचार्य घड्याळ बघत होते. मी पहिल्या रांगेत होते. आता मला त्यांची लाज वाटत नव्हती. त्या दिवशी हेल्मेटची काच खाली ओढून उभ्या राहिलेल्या मुलीची वाटत होती.

नंतर ते अक्कलकोटला राहायला गेले. मी अधूनमधून जायचे. दर भेटीत, चहा झाला की, सर तो विषय काढायचे. आई कशी आहे विचारायचे. शेवटच्या खेपेला ते खूप थकले होते, कॉलरखाली एकही टाचणी नव्हती, आता टोचतात म्हणाले. पुन्हा तेच निघालं तेव्हा मला राहवेना. "सर, पुरे की आता. किती वर्षं झाली."

"साकु म्हणून साकु होत न्हाई ती," सर म्हणाले. पुरे म्हणून पुरे होत नाही, असं. "लाज हाय ती. तिला घरात बसवायचं न्हाई, कामाला लावायचं. तुज्या आईनं लावली की माजी." मग त्यांना दम लागला. त्यानंतर महिन्याभरात ते गेले. आई मंद्रूपहून माझ्याबरोबर त्यांच्या घरी आली होती. तिनं त्यांच्या सुनेला एवढंच सांगितलं, "आमच्यात जेवून गेल्याले हायत सर."

आमच्या लॅबमध्ये आता काचेच्या कपाटात कंपनीकडून आलेली चकचकीत मॉडेलं आहेत. कुणी हात लावत नाही. दांड्या संगणकावर काढल्या जातात, स्क्रीनवर त्या सुंदर फिरतात, आणि स्क्रीनवरच्या गाडीत कुणीच बसलेलं नसतं. जेवणाचा नियम मात्र मी सोडला नाही. तो कुठल्या अभ्यासक्रमात बसत नाही, म्हणून कुणी विचारतही नाही. गावांच्या नावानं हाक मारायची सवयही मला लागली आहे.

या वर्षी ड्रायव्हर अक्कलकोटचा एक किडकिडीत मुलगा आहे, आणि ब्रेक केलाय बार्शीनं. बार्शी हुशार पोरगी, जरा तोऱ्यातली. तिनं सगळं संगणकावर तपासलं होतं, मी पाहिलं होतं, सोहेलनं स्वतःचं गॅरेज सोडून येऊन पाहिलं होतं. ब्रेक उत्तम होता. परवा ती ड्रायव्हरच्या घरी जेवायला गेली. जाताना म्हणाली, "मॅडम, हे जरा जुन्या काळातलं नाही का?" मी म्हटलं, जाऊन ये.

काल सकाळी मी कॉलेजात पोचले तर ती माझ्याआधी येऊन वर्कशॉपच्या दारात उभी.

"मॅडम, किल्ली."

"तपासून झालंय की सगळं."

"झालंय." ती खाली बघत होती. "घरात ती माय-लेकरं दोघंच आहेत, मॅडम. पुठ्ठ्याचं यंत्र मी इतकं करून दाखवलं, त्याच्या आईनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, तू केलायस ना, मग असंल चांगला. आणि वाढत राहिल्या." तिचे कान लाल झाले होते. "एकदा परत बघते."

मी किल्ली दिली. ती आत जाऊन गाडीशेजारी मांडी घालून बसली. एक हात आत घालून तिनं पेडल शेवटपर्यंत दाबलं आणि दुसऱ्या हातानं मागचं चाक फिरवून बघितलं. फिरलं नाही. तिनं तार, ताणली गेल्यावर होईल तशी, जरा सैल केली, आणि पुन्हा दाबलं.